चौदा पोती चिपाड

दामोदरबुवांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं, उपरण्याच्या टोकानं कपाळ टिपलं आणि कमिटीच्या माणसानं पुढं केलेली चिठ्ठी हातात घेतली. आमच्या चिंचवळीत सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, अन्नदान करणाऱ्यांची नावं बुवा स्वतः वाचतात. कीर्तनात नाव घेतलं गेलं की दान देवाच्या कानावर गेलं, अशी लोकांची समजूत.

तांदूळ कुणाचे, डाळ कुणाची, गूळ कुणाचा, सगळं वाचून झालं. मग बुवा म्हणाले, "आणि महाप्रसादाच्या सरपणासाठी कोरडं चिपाड, पोती चौदा. आपले संपतराव इंगवले."

मंडपात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाईनं तर डोळे मिटून हात जोडले.

श्रावणात आमच्याकडं कोरडं चिपाड नसतं. गुऱ्हाळं शिमग्याच्या आसपास बंद होतात. उसाचा रस काढून उरलेलं चिपाड तिथंच चुलवाणात जळतं, आणि जे बाहेर राहतं ते आषाढात भिजून कुजतं. त्या दिवशी उभ्या गावात कोरडं चिपाड एकाच ठिकाणी होतं. देवळामागच्या विहिरीपाशी, पत्र्याच्या कुलूपबंद खोलीत. वाळवून भरलेली पोती, चौदाच. त्यांची तोंडं मी माझ्या हातानं तारेनं आवळली होती आणि प्रत्येकावर लाल रंगाची फुली मारली होती.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होते. वय एकतीस. संपतरावांचा कारखाना गावाच्या वरच्या अंगाला. तिथं बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढायचा आणि धुण्याचं पाणी मागच्या खड्ड्यात सोडलं जायचं. खड्ड्यातलं पाणी मुरत मुरत देवळाच्या विहिरीत आलं. कॅडमियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते मूत्रपिंडं धरतं, हाडं पोकळ करतं. मी तपासणीचा कागद घेऊन पंचायतीत गेले तर सरपंचानं पाण्याचा ग्लास उन्हाकडं धरून बघितला आणि म्हणाला, आरशासारखं तर आहे.

मग मी दोन वर्षं त्या चिपाडाच्या मागं लागले. चिपाड म्हणजे बहुतेक सेल्युलोज. नुसतं पाण्यात टाकलं तर धातू थोडाफार धरतं, पण पकड ढिली. ते धुऊन, दळून, सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे घरात आपण ज्याला लिंबूसत्त्व म्हणतो त्याच्या, पाण्यात भिजवायचं आणि भट्टीत तापवायचं. मग त्याच्या धाग्याधाग्याला जणू आकडे फुटतात आणि धातू त्यांत अडकून बसतो. शोध माझा नव्हता, कितीतरी जणांनी तो कागदावर मांडून ठेवला होता. मी तो विहिरीवर आणला, एवढंच. टाक्यांत चिपाड भरलं, वरून विहिरीचं पाणी सोडलं, खालून निघालेलं तपासून घेतलं. पाणी पिण्याजोगं झालं.

टाक्या दिल्या संपतरावांनी. ज्यानं विहीर नासवली त्यानंच टाक्या दिल्या, त्यांवर आपलं नाव घातलं, आणि गावानं त्याला शाल-श्रीफळ दिलं. मीही टाळ्या वाजवल्या. मला टाक्या हव्या होत्या.

माझी अट एकच होती. पाण्यातला धातू कुठं नाहीसा होत नाही, चिपाडात जाऊन बसतो. म्हणून वापरून झालेलं चिपाड जाळायचं नाही, गुरांखाली टाकायचं नाही, उकिरड्यावर फेकायचं नाही. विषारी कचरा पुरण्याची जिथं सोय आहे तिथं संपतरावांनी ते आपल्या ट्रकनं पाठवायचं. तसं मी लिहून दिलं, त्यांनी खाली सही केली आणि त्या खोलीची एक किल्ली घेतली होती. पुढच्या फेरीला नेतो, पुढच्या फेरीला नेतो, असं करता करता दीड वर्ष गेलं आणि पोती चौदा झाली.

मी उठले. माझे वडील तीस वर्षं त्या मंडपात वीणा घेऊन उभे राहिले होते. अंगात ताप असला तरी आरतीआधी कीर्तनातून उठू नये, हे त्यांनी मला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलेलं. बायकांच्या मांड्यांना पाय लावत, त्यांची बोलणी खात मी बाहेर आले.

स्वयंपाक देवळाच्या मागच्या अंगाला चालला होता. तीन चुली, तिन्हींवर काहिली, म्हणजे मोठ्या पसरट कढया. मधल्या चुलीपाशी हौसाक्का बसली होती. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली, त्यानंतर माझ्या वेण्या घातल्या त्या हौसाक्कानं. सप्ताहाची पंगत तिच्या हातची. तिच्याजवळ पाच रिकामी पोती घडी घालून ठेवलेली होती आणि सहाव्यातलं चिपाड ती मुठीमुठीनं चुलीत सारत होती. लाल फुली माझ्याकडं बघत होती. धूर खाली बसला होता, भाताच्या काहिलीवर राखेची काळी फुलं उडून पडत होती.

मी तिचा हात धरून तिला मागं ओढलं. ती चिडली. भात लागंल, सोड, म्हणाली. आणि खोकली. तो खोकला मला आजही ऐकू येतो.

मी विचारलं, हे इथं कुणी आणलं. ती म्हणाली, संपतरावांच्या माणसांनी, काल रातच्याला, कुलूप काढून. पहाटेपासनं जाळतोय, लाकूड सगळं ओलं, ह्येच तेवढं झकास पेटतंय.

"आक्का, हे विषाचं चिपाड आहे. मी तुला किती वेळा सांगितलंय."

"व्हय की. म्हणूनच तर." तिनं शेजारचं ताट पुढं केलं. ताटात चाळलेली राख होती, वर तुळशीचं पान. "घे, तू पण लाव."

मला कळेना. तिच्या कपाळावर राखेचं बोट होतं. चुलीपाशी राबणाऱ्या बाकी तिघींच्या कपाळावरही होतं. मंडपातही दिसलं होतं, पण मला ते उदबत्तीच्या राखेचं वाटलं होतं.

हौसाक्कानं मग सांगितलं, आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं. आदल्या दिवशी परीक्षा असल्यामुळं मी कॉलेजात होते, संध्याकाळचं कीर्तन माझं चुकलं होतं. त्या कीर्तनात बुवांनी सांगितलं की आपल्या गावात एक संत येऊन राहिलाय आणि आपण त्याला पत्र्याच्या खोलीत कोंडून घातलंय. उसानं आपला रस जगाला दिला, चोथा झाला, तरी गावाचं विष पोटात घ्यायला तो पुन्हा उभा राहिला. असल्या देहाला उकिरडा नको, त्याला अग्नी द्यायचा तो देवाच्या दारात, आणि त्याची राख कपाळाला लावायची. संपतराव तिथंच उठून उभे राहिले आणि चौदा पोती आपल्याकडून, म्हणाले. सकाळी काकड्यानंतर अंगारा वाटला. बायकांनी रांग लावली होती. पोरांच्या कपाळाला लावला आणि चिमूट चिमूट जिभेवर दिला.

"जिभेवर?"

"मग. अंगारा काय नुसता लावत्यात व्हय? आणि तुला ह्यात नवीन काय. बुवांनी कीर्तनातच सांगितलं, ह्यो दृष्टांत माझा न्हवं, इंदूचा. लई अभिमान वाटला बघ मला."

माझाच होता. टाक्या सुरू केल्या त्या दिवशी माझ्या हातात माईक दिला होता. मी धातू, धागे, लिंबूसत्त्व सांगायला लागले तर लोक जांभया द्यायला लागले. मग मी ज्या बोलण्यावर वाढले त्या बोलण्यावर गेले. चिपाडाला संत केलं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, बुवांनी मान डोलावली, आणि मला इतकं गोड वाटलं की घरी जाताना मी ते वाक्य मनाशी चारदा म्हणून बघितलं.

मी बादली उचलली तेवढ्यात संपतराव आले. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. राख त्यांनी लावली नव्हती. ते मी बघितलं, आणि माझ्या बघण्याचा अर्थ त्यांनाही कळला.

ते आवाज न चढवता बोलत. म्हणाले, इंदूताई, लोकांनीच मागितलं, देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार. मी म्हणाले, तुमची सही आहे माझ्याकडं. ते हसले. पाच पोती जळली, म्हणाले, कोण आडवं पडलंय दाखवा. हौसाक्का, तुला काय होतंय का? हौसाक्कानं खोकतच नाही म्हणून मान हलवली.

"जाळलं की काय होतं ते तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "गावाला माहीत नव्हतं, बुवांना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. ट्रकचं भाडं वाचवायला तुम्ही पोरांच्या जिभेवर कॅडमियम ठेवलंत."

ते जवळ आले. म्हणाले, "मंडपात जाऊन हे बोललात तर उद्या सकाळी माझ्या टाक्या मी उचलून नेईन. मग विहिरीचं तसंच प्यायचं गावानं. बघा, कुठलं विष जास्त ते तुम्हीच ठरवा. शिकलेल्या आहात."

खरं सांगते, मी ठरवू शकले नाही. दोन वर्षांचं माझं काम त्या टाक्यांत होतं आणि गावाचं रोजचं पाणी होतं. अर्ध्या तासात पंगत बसणार होती. आठशे पानं. आणि मी, जिनं खाली सांडलेलं प्रसादाचं शीतही कधी पायाखाली येऊ दिलं नाही, तिनं काहिलीच्या काहिली मातीत घाला म्हणायचं होतं. हौसाक्का पुन्हा खोकली आणि सवयीनं तिचा हात पोत्याकडं गेला. मी बादली चुलीत ओतली. फस्सकन राखेचा लोट वर आला. बायकांना लांब व्हा म्हणून ओरडले आणि मंडपाकडं धावले.

बुवा उत्तररंगात, कथेच्या भागात होते. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र होत होत्या, मृदंग चढला होता. मी बायकांच्या बाजूनं न जाता सरळ मधल्या वाटेनं गेले आणि बुवांच्या पुढ्यात उभी राहिले. त्यांनी बस म्हणून खूण केली. मी बसले नाही. मागचे टाळकरी एकेक करून थांबले. मृदंगवाला सगळ्यांत शेवटी.

बुवा माणूस मायेचे. म्हणाले, "माय, काय असंल ते काला झाल्यावर बोल."

"काल्यानंतर पंगत बसेल, बुवा. ती बसू देऊ नका."

कुजबूज उठली. पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, विणेकऱ्याची पोरगी शिकून वेडी झाली. कुणीतरी हसलं. बुवांच्या चेहऱ्यावरची माया गेली. चाळीस वर्षांत माझं कीर्तन कुणी मधे अडवलं नाही, म्हणाले, तू कोण अडवणार?

"कालच्या ज्या दृष्टांतावर तुम्ही अंगारा वाटलात, तो माझा आहे. मी तो परत घेते. तो खोटा आहे." मी मंडपाकडं वळले. "संत विष पचवतो, बुवा. चिपाड पचवत नाही. ते नुसतं धरून ठेवतं. जाळलं की सोडून देतं. पाण्यातनं काढलेलं विष आज सकाळपासून धुरात आहे, राखेत आहे आणि भातावर आहे. संपतरावांना हे लिहून दिलं होतं. त्यांनी त्यावर सही केली होती."

मग बायकांतून एक लेकुरवाळी उठली. तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं, त्याच्या कपाळावर राख. ती भांडायला नव्हती आली. तिनं फक्त विचारलं, "म्याडम, मी हिला चाटवलाय. आता काय करू?"

चिमटीभर राखेनं काय होतं, हे मला पुस्तकातनं माहीत होतं. बहुतेक काही होत नाही. मी म्हणाले, बहुतेक काही होणार नाही. त्या "बहुतेक"वर तिचं तोंड जसं झालं ते बघून मला संपतरावांचा गळा धरावासा वाटला. आणि माझाही. मी तिला मुलाचं तोंड धुऊन दवाखान्यात घेऊन जायला सांगितलं. ती पळाली, आणि तिच्या मागं पोरंवाल्या बायका उठल्या. पदर भिजवून पोरांची कपाळं पुसत, जिभा पुसत, पोरं रडत होती.

बुवांच्या कपाळावरही अंगारा होता. त्यांनी उपरणं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तो पुसला. पुसायला खूप वेळ लावला.

"पंगत बसणार नाही," ते म्हणाले.

कमिटीचा माणूस पुढं आला. आठशे माणसांचं अन्न आहे बुवा, असं कसं.

"आठशे माणसं आहेत म्हणूनच."

देवळामागं, विहिरीपासून लांब उताराला, खड्डा खणला गेला. भात, आमटी, शिरा, सगळं त्यात गेलं. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. त्यांना धातूचं काही कळत नव्हतं. त्यांना प्रसाद मातीत जाताना दिसत होता. मी राख भिजवून घेतली, नाकाला ओली फडकी बांधायला लावली, ती राख घमेल्यांत भरली. उरलेली पोती पुरुषांनी उचलली. कुठं न्यायची ते कुणी विचारलं नाही. बुवा एक घमेलं डोक्यावर घेऊन निघाले होते.

टाळ नाहीत, मृदंग नाही, तोंडात नाव नाही. अशी दिंडी मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. कारखान्याच्या फाटकापाशी बुवांनी घमेलं खाली ठेवलं, बाकीच्यांनी त्याशेजारी पोती ठेवली. संपतराव मोटारीनं आधीच पोचले होते. म्हणाले, बुवा, हे काय चालवलंय.

"तुमचं दान आहे," बुवा म्हणाले. "परत घ्या."

"टाक्या उद्या उचलतो."

"उचला."

त्यांनी उचलल्या. सकाळी नव्हे, दुपारपर्यंत. गाव पाच महिने नदीवरनं पाणी ओढत होतं, मग पंचायतीनं आपल्या टाक्या घेतल्या आणि मी पुन्हा चिपाड भिजवायला बसले. माझ्याकडचा सहीचा कागद मी तीन कचेऱ्यांत नेला. पहिल्या ठिकाणी त्याची प्रत ठेवून घेतली, दुसऱ्या ठिकाणी प्रत हरवली, तिसऱ्या ठिकाणी मला विचारलं की मुळात चिपाड भरलं कुणी होतं. संपतरावांवर काही झालं नाही. गावात शिरताना कमान लागते, तिच्यावर त्यांचं नाव आहे. मी तिच्याखालून जाते. दुसरा रस्ता नाही.

पोरांना काही झालं नाही, हे देवाचे उपकार. चुलीपाशी बसलेल्या चारही बायकांना त्याच संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. तिघी आठवड्यात बऱ्या झाल्या. हौसाक्काला दवाखान्यात एकवीस दिवस नळीनं श्वास द्यावा लागला. बुवा रोज यायचे, पायाशी बसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, मी आता कीर्तनात काय सांगू. मी अजून रागात होते. मी म्हणाले, माहीत असेल तेवढंच सांगा, मीही तेवढंच सांगेन. त्यांनी मान खाली घातली. मला नंतर त्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण मी ते मागं घेतलं नाही.

हौसाक्का पुढं सहा वर्षं जगली. पायरी चढताना थांबायची, छातीवर हात ठेवायची. पण सप्ताह तिनं एकही चुकवला नाही. फक्त पूर्वी ती वीणेच्या पुढ्यात बसायची, ती आता मंडपाच्या अगदी टोकाला, शेवटच्या खांबापाशी बसायला लागली. मी तिला पुढं चल म्हणायची तर ऐकायची नाही. मधेच खोकला आला तर कीर्तन मोडंल, म्हणायची, बुवांना तरास. आणि उबळ आली की तोंडावर पदर दाबून उठायची, माझ्या खांद्याला धरून बाहेर चिंचेखाली जायची. तिथं उभी राहून खोकून घ्यायची. मी तिची पाठ चोळत असायची. आत टाळ चाललेले असायचे, आणि मला दर वेळी पुन्हा त्या मधल्या वाटेनं आत जाऊन उभं राहावंसं वाटायचं. हौसाक्का तोंड पुसायची आणि म्हणायची, "चल गं लवकर, आरती चुकंल."